सौताड्याचं पाणी मऊ कसं दिसतं?

प्रश्न: दादा, मी पाटोदा तालुक्यातला. सौताड्याच्या धबधब्याचं पाणी फोटोत दुधासारखं कसं आणतात? अन् आडरानात एकट्यानं हे काम जमतं का?

उत्तर: भावा, आधी पाण्याचं सांगतो. ट्रायपॉड हवाच, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ ११ अन् शटर (उजेड आत यायचा वेळ) अर्ध्या ते एक सेकंदाचं, तेवढ्या वेळात पाणी वाहत राहतं म्हणून ते फोटोत दुधासारखं उमटतं. उजेड जास्त असला तर एनडी फिल्टर (लेन्सवरची उजेड कमी करणारी गडद काच) लाव, ३ स्टॉपचा (म्हणजे उजेड तीनदा अर्धा करणारा) लावला की १/८ सेकंदाचं शटर थेट १ सेकंदावर येतं. दरीत तुषार उडतात, त्यामुळं दर फोटोआधी लेन्स पुसायचीच, अन् बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून २ सेकंदाचा टायमर.

एकट्याचं म्हणशील तर जमतं, पण गावात सांगितल्याशिवाय दरीत उतरू नको, आपल्याकडं रेंज कधी जाईल नेम नाही. गुराख्याशी बोल, कुठला कातळ शेवाळलाय, पाणी कधी वाढतं हे त्याला बरोबर ठाऊक असतं. बाकी बराचसा वेळ ढगांची वाट बघण्यातच जातो, भाकरी-ठेचा बांधून घे अन् बसून राहा, मला तर तेच सगळ्यात आवडतं. उन्हाळ्यात दुपारी रंग पार मरतात, तेव्हा पहाटच धर. पैशासाठी सुरुवातीला लग्नाच्या ऑर्डरी घे, त्यात कमीपणा काही नाही, अन् हिवाळ्यात जायकवाडीला फ्लेमिंगो येतात तेव्हा सुट्टी राखून ठेव.