पियानोवादक ग्लेन गूल्डने ऐन बहरात मैफिली का सोडल्या?

सरळ सांगायचं तर त्याला लोकांसमोर वाजवणंच आवडत नसे. टोरांटोत १९३२ साली जन्मलेला गूल्ड १९५५ मध्ये जर्मन संगीतकार बाखची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' ही रचना रेकॉर्ड करून एकदम गाजला. १० एप्रिल १९६४ ला लॉस एंजेलिसमध्ये शेवटची जाहीर मैफल केली तेव्हा तो जेमतेम ३१ वर्षांचा होता! पुढे फक्त स्टुडिओ. तिथे एकच भाग अनेकदा वाजवून त्यातले हवे ते टेक, म्हणजे रेकॉर्ड केलेले तुकडे, निवडून जोडता येत. वडिलांनी पाय कापून बुटकी केलेली घडीची खुर्ची मात्र त्यानं शेवटपर्यंत सोडली नाही, बैठक पार झिजून गेली तरी. आणि वाजवताना गुणगुणायची सवय! हेडफोन लावलात तर स्पष्ट ऐकू येतं. १९८१ मध्ये त्यानं 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' पुन्हा रेकॉर्ड केली. सुरुवातीचा आरिया (मुख्य धून) दोन्हींत ऐका, दुसऱ्यात किती संथ आहे ते कळेल. मला तोच जास्त आवडतो. १९८२ मध्ये, पन्नाशीतच तो गेला.