परीक्षा कोणाची होती?

प्रश्न: सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलच्या यंत्रमागावर मी रात्रपाळी करतो. मुलाला नीटला आधी २१२, आता २९१ गुण आहेत. त्याला ‘द परस्युट ऑफ हॅपीनेस’ हा सिनेमा तीनदा दाखवला. तो बाप लेकराला घेऊन स्टेशनच्या स्वच्छतागृहात झोपला, पण हटला नाही. मुलगा बी.फार्म. (औषधनिर्माणाची पदवी) म्हणतो. हल्ली जेवताना बोलतही नाही. तिसऱ्या वर्षाच्या क्लाससाठी पतसंस्थेचं कर्ज काढू का?

उत्तर: गुणांचं नंतर बघू. ‘जेवताना बोलत नाही’ हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, मला तेच टोचलं. डबा घेऊन पाळीला निघालेला बाप तो रोज बघतो. वर हा सिनेमा, तोही तीनदा! बोलणार काय तो?

त्या सिनेमातलं पोर पाच वर्षांचं आहे. परीक्षा बाप देतो, धंदा बाप बदलतो. तुम्ही कष्ट स्वतःकडे ठेवलेत आणि परीक्षा पोराच्या गळ्यात घातलीत. बास्केटबॉलचा प्रसंग आठवा. तुला यात फारसं जमायचं नाही, असं बाप बोलून जातो. पोर मुकाट्याने चेंडू पिशवीत भरतं. बापाला चूक कळते आणि तो सांगतो, तुला जमणार नाही असं कुणालाही म्हणू देऊ नकोस, मलासुद्धा. बी.फार्म.चं ऐकून तुम्ही काय म्हणालात, ते पत्रात नाही.

सोसलं म्हणून तो जिंकला, हाही गैरसमजच. ज्याच्यावर हा सिनेमा बेतलाय तो क्रिस गार्डनर आधी वैद्यकीय उपकरणं विकायचा. गिऱ्हाइकाशी बोलणं त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. सिनेमातलं शेअर दलालीचं प्रशिक्षणही सहाच महिन्यांचं. त्यात तो रिसीव्हर खाली न ठेवता पुढचा नंबर फिरवतो आणि दिवसाची आठ मिनिटं वाचवतो. वेळ कुठे गळतोय हे त्याने हेरलं होतं.

तुमच्याकडे गळती कुठे आहे? नीटची ओएमआर उत्तरपत्रिका आणि उत्तरतालिका काढा. २९१ म्हणजे, समजा, ८४ बरोबर, ४५ चूक, ५१ सोडलेले. या ९६ प्रश्नांच्या त्याला तीन याद्या करू द्या: येतच नव्हतं, येत होतं पण घसरलं, वेळ पुरला नाही. पहिली यादी लांबलचक निघाली, तर तोच क्लास तिसऱ्यांदा लावून ती आखूड होत नाही. घसरलेलेच जास्त असतील आणि *त्याला* हवं असेल, तर सराव चाचण्यांच्या खर्चात घरूनही प्रयत्न होतो. कर्ज मात्र नको. प्रत्येक चाचणीचे गुण तो हप्त्याशी ताडून बघेल.

बी.फार्म.ला एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा: पीसीबीला (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) २०० गुण, निम्मे जीवशास्त्राचे, चुकीला गुण वजा नाहीत. सीईटी दिली नसेल तर डी.फार्म. ही पदविका बारावीच्या गुणांवर मिळतं, पुढे बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाची वाट आहे.

सुट्टीच्या दिवशी दोघं सिव्हिलसमोरच्या एखाद्या औषध दुकानात जा. सिनेमातला बाप लाल गाडीवाल्याला विचारतो तेच दोन प्रश्न फार्मासिस्टला विचारायचे: काय करता आणि कसं करता? विचारू दे मुलालाच. तुम्ही तेवढा वेळ बाहेर चहा घ्या.