"पोरीले आमची लाज वाटते, मॅडम"

नागपुरात धंतोलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत गेली काही वर्षं आईबाप एकच गाऱ्हाणं घेऊन येतात. कुणी मानेवाड्याहून, कुणी पाचपावलीतून, कुणी एसटीने थेट उमरेडहून. "पोटाला चिमटा काढून शिकवलं, आता पोरगं आमच्याशी धड बोलत नाही." आणि लगेच पुढचा प्रश्न, "आमचे संस्कार कुठे कमी पडले?"

सी. राइट मिल्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये एक साधा हिशेब मांडला होता. लाखभर वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल, तर त्याचा स्वभाव आणि त्याचं कसब तपासावं. पण पाच कोटी कामकऱ्यांच्या देशात दीड कोटी बेकार असतील, तर प्रत्येकाचा स्वभाव तपासून काय हाती लागणार? एकमेकांना न ओळखणाऱ्या घरांतून तेच शब्द कानावर येतात, तेव्हा मला हा हिशेब आठवतो. संस्कार तपासण्याआधी मी विचारते, हे मूल रोज सकाळी जिथे जातं तिथे त्याला काय ऐकावं लागतं?

एका घराची गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच सांगते आहे, आणि ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. वडील हिंगणा एमआयडीसीत वेल्डर, आई डबे करून देते. मुलगी अकरावीत. दहावीला शाळेत पहिली आली म्हणून कर्ज काढून तिला 'नीट' या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या क्लासला घातलं. दिवाळीपर्यंत फिजिक्समध्ये घसरली, घरातलं बोलणं "हो", "नाही" एवढ्यावर आलं. मग क्लासच्या पालकसभेचा मेसेज तिने वडिलांच्या मोबाइलमधून पुसून टाकला आणि शेजारणीकडून ते उघडं पडलं.

"मी काही कमी पडू देलं नाही तिले," वडील म्हणाले. "तरी पोरीले आमची लाज वाटते, मॅडम."

मुलीशी मी एकटीशी बोलले. पहिल्या दोन भेटी ती ओढणीच्या टोकाशी चाळा करत बसली. तिसऱ्या भेटीत मी मार्कांचा विषय काढलाच नाही. विचारलं, "क्लासमध्ये शेवटचा प्रश्न कधी विचारला होतास?"

ती पटकन म्हणाली, "पहिल्या आठवड्यात."

"काय विचारलं होतंस?"

"सर, हे असं काहून होते?" ती थांबली. "फिजिक्सचंच होतं. सगळे हसले. प्रश्नाला नाही, 'काहून'ला हसले. मग मी विचारणंच बंद केलं. बाबा सभेला आले असते तर 'मले', 'तुले' बोलले असते."

घरच्यांना मार्कांची घसरण आणि घरातला अबोला या दोन वेगळ्या काळज्या वाटत होत्या. माझ्यासमोर त्या क्षणी त्यांचं मूळ एकच निघालं. शाळेत पहिली येणारी ही मुलगी शंका विचारूनच पहिली येत होती. ती वाट 'का'ऐवजी घरच्या बोलीतल्या 'काहून' या एका शब्दापायी बंद झाली होती.

पुढच्या भेटीला, तिच्या संमतीने, तिघंही समोर होते. 'काहून'ची गोष्ट तिनेच सांगितली. आई रडली. वडील कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. ते आता चिडतील, या तयारीनेच मी बसले होते.

"मीबी हेच केलं होतं," ते म्हणाले. "माझा बाप एम्प्रेस मिलमध्ये होता. एकदा माझा डबा राहिला म्हणून पाळी सुटल्यावर शाळेत देवाले आला. केसांत, भुवयांत सारा कापूस. पोट्ट्यांनी विचारलं, कोण आहे रे? मी सांगितलं, गावाकडचा काका आहे. त्यानं ऐकलं, मॅडम. त्याच्यानंतर मिलमधून निघताना तो डोकं धुऊन यायचा. शाळेत मात्र कधी आला नाही."

"आबा?" मुलगी एवढंच म्हणाली. आणि कित्येक महिन्यांनी तिने वडिलांकडे सरळ पाहिलं.

इतक्या वर्षांच्या कामात मी थोडेच क्षण असे पाहिले आहेत. मी मध्ये एक शब्द बोलले नाही, आणि ते मला जमलं याचं समाधान वाटतं. १८७७ साली जमशेटजी टाटांनी सुरू केलेल्या त्या मिलने नागपुरातल्या किती घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्या मिलच्या कापसाची लाज एका मुलाच्या मनात शाळेनेच रुजवली होती. मिल गेली, कापूस गेला, लाज तेवढी वारशात आली आणि आता बोलीवर येऊन बसली.

शाळा सगळ्यांना एकाच मापाने मोजते आणि ज्याच्या अंगी गुण तो पुढे जातो, अशा अर्थाची मांडणी अमेरिकी समाजशास्त्रज्ञ टॉलकट पार्सन्स यांनी केली होती. विद्यार्थिदशेत मलाही ती पटली होती. या खोलीत बसून मी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिअर बूर्द्यू यांच्या बाजूची झाले. ते म्हणतात, ते माप ठरावीक घरांत आधीच वापरात असतं. तिथली भाषा, पुस्तकं, मोठ्यांशी बोलायची ढब मुलाला घरातच मिळते आणि शाळा तिलाच हुशारी समजते. यालाच त्यांनी सांस्कृतिक भांडवल म्हटलं. बूर्द्यू स्वतः फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडच्या खेड्यातल्या पोस्ट कर्मचाऱ्याचे चिरंजीव, घरी तिथली बोली बोलत वाढलेले. आपल्याकडे महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे हेच दुखणं पैशाच्या अंगाने मांडलं होतं: सरकारी महसूल रयतेच्या घामाचा, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांसाठी.

म्हणून अशा आईबापांना मी पहिली विनंती करते ती ही, की "तुझ्यासाठी एवढं केलं" हे वाक्य काही दिवस बाजूला ठेवा. ते खरं आहे, पण मुलाच्या कानावर ते कर्जासारखं पडतं. आणि आधीच आपण कमी आहोत असं वाटणारं मूल कर्जदारासारखंच तोंड चुकवतं. त्याऐवजी तुमच्या कामाचं बोला. वेल्डिंगचा सांधा का तडकतो, कोणता धातू किती तापला की वाकतो, हे सगळं फिजिक्सच आहे, आणि ते बापाला पुस्तकाशिवाय येतं. "किती मार्क पडले?" याच्या जागी "आज काय समजलं नाही?" असं विचारा, तुम्हाला त्यातलं काही कळत नसलं तरी विचारा. प्रमाण भाषा मुलांना आली पाहिजे, परीक्षा तिच्यातच आहे. पण ती शिकायला घरची बोली टाकावी लागत नाही. आणि पालकसभेला जा. मूल नको म्हणालं तर का नको, ते आधी ऐकून घ्या, मग जा. शिक्षकांनाही माझं सांगणं आहे: वर्गात कुणाच्या बोलण्यावर हसू फुटलं, तर प्रश्नाचं उत्तर नंतर द्या, आधी ते हसू थांबवा.

फिजिक्सचे मार्क एकदम वर गेले, असं काही झालेलं नाही. थोडे वाढले आहेत. एका रविवारी बापाने तिला कारखान्याचं गेट दाखवायला नेलं. फेब्रुवारीतल्या सभेला ते कामावरून थेट गेले, निळ्या वर्दीतच. त्यानंतरच्या भेटीत मी मुलीला विचारलं, काय झालं?

"बाबांनी सरांना विचारलं, 'हे पोरगी प्रश्न विचारते तं तुम्ही काय करता?' सर म्हणाले, विचारू दे, मी उत्तर देईन."

"कुणी हसलं?"

"एक जण हसला," ती म्हणाली. "मी त्याच्याकडे पाहत राहिले. मग थांबला."

ओढणीचं टोक आज तिच्या हातात नव्हतं. दप्तरातून वही काढून तिने मला सरांना विचारायच्या सात शंका दाखवल्या. तिसरी शंका बापाच्या वेल्डिंगमधून निघाली होती.