४४ सीलिंग लाइट्ससाठी कर्ज काढावं का?

ताई, तुमच्या २ बीएचकेचा ताबा तीन महिन्यांत मिळतोय. कॉन्ट्रॅक्टरने घरभर फॉल्स सीलिंग आणि ४४ कन्सील्ड लाइट्सचे १ लाख ८० हजार सांगितलेत. त्यासाठी पर्सनल लोन काढावं की ३ लाखांची एफडी मोडावी, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर दोन्ही नको.

लोन १४ टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी मिळतंय. हप्ता साधारण ६,१५० बसेल आणि नुसतं व्याजच ४१ हजारांच्या वर जाईल. घरखर्च आणि गृहकर्जाचा हप्ता धरून तुमचे महिन्याला ८७ हजार जातात, म्हणजे एफडी जेमतेम साडेतीन महिने पुरेल. घरात कमावणाऱ्या तुम्ही एकट्या. त्या पैशाला हात लावणं मला अजिबात पटत नाही.

मुळात ४४ दिवे लागतात कुठे? तुमचा हॉल १६ बाय ११. सीलिंग केल्यावर उंची ९ फूट उरेल. दोन दिव्यांत उंचीच्या साधारण निम्मं अंतर आणि भिंतीपासून त्याच्याही निम्मं, या ढोबळ हिशोबाने चार-चारच्या दोन रांगा पुरतात. १२ वॉटचे ८ दिवे या हॉलला भरपूर झाले. कोटेशनमध्ये १८ आहेत. शिवाय त्यातले चार पंख्याच्या अगदी जवळ दाखवलेत. दिवा पात्यांच्या घेरात आला की पंखा सुरू होताच खोलीभर सावल्या लपलपतात, आणि मग तो दिवा कुणी लावतच नाही. वर सांगितलेल्या मांडणीत मधले चारही दिवे घेराच्या फूटभर तरी बाहेर राहतात.

स्वयंपाकघरात तर छताच्या मधोमध दिवे दाखवलेत. ओट्यापाशी उभं राहिलं की उजेड पाठीमागून येणार आणि चिरायच्या भाजीवर आपलीच सावली पडणार. तिथे सीलिंग करूच नका. ओट्यावरच्या कपाटांखाली एलईडी पट्टी लावा. कमी पैशात नेमका हवा तिथे उजेड मिळेल. बेडरूममध्येही सीलिंग आत्ता नको. आडवं पडल्यावर थेट डोळ्यांत येणाऱ्या दिव्यांसाठी कर्ज कशाला?

वायरिंगला मात्र हात आखडू नका. दिवे पुढेही लावता येतात, पण रंगकाम झाल्यावर भिंती फोडणं महागात पडतं. त्यामुळे बेडरूमचे पॉइंट आत्ताच काढून ठेवा. हॉलचे दिवे दोन स्विचवर विभागा, म्हणजे गरज नसताना सगळे जळणार नाहीत. १२ वॉटचे सगळे ४४ दिवे रोज पाच तास जळले, तर महिन्याला ७९ युनिट होतात. महावितरणचा दर १०० आणि ३०० युनिटनंतर चढतो, हेही ध्यानात असू द्या.

तुमच्याच कोटेशनचे दर लावले तर हॉलचं सीलिंग, ८ दिवे, ओट्याची पट्टी आणि सगळे पॉइंट मिळून ६५ हजारांच्या आसपास जातील. तुम्ही महिन्याला २२ हजार बाजूला टाकता. ताबा मिळेपर्यंत एवढे जमतात.

कॉन्ट्रॅक्टरकडून सीलिंग, पॉइंट आणि दिवे यांचे दर वेगवेगळे लिहून घ्या. दिव्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारी छोटी डबी, सुटा बदलता येतो का, तेही विचारा, कारण बऱ्याचदा आधी तोच जातो. आणि सीलिंग बंद करण्याआधी मोजायची टेप धरून वायरिंगचे फोटो काढून ठेवा.