अभंग येतो, मग पाणी का मागता येत नाही?

प्रश्न : आमच्या मालकांना (वय 52) गेल्या वर्षी लकवा झाला, उजवं अंग गेलं. मोंढ्यात आडतीचं दुकान आहे. सोयाबीनच्या सौद्यात यांचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. आता पाणीसुद्धा मागता येत नाही. काहीही विचारा, 'नको, नको'. मी जवळ बसले तरी 'नको'. पण एकादशीला भजन लागलं की अख्खा अभंग म्हणतात. सासूबाई म्हणतात, मुद्दाम करतो. मी आता लेकीच्या खोलीत झोपते. एवढ्या दिवसांनी बोलण्याचे उपचार होतात का? आणि आम्हा दोघांचं काय?
– एक वाचक, परभणी

उत्तर : ताई, सासूबाईंना आजच सांगा, ते मुद्दाम करत नाहीत. शब्द शोधून वाक्य जुळवायचं काम बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला चालतं आणि उजवं अंग गेलं म्हणजे इजा डाव्या बाजूलाच आहे. अशा इजेनं बोलणं अडतं, त्याला वाचाघात म्हणतात. पाठ झालेलं, सुरात बसलेलं मात्र पुष्कळदा शाबूत राहतं. अंक, वार, आरती, एखादी शिवीसुद्धा. म्हणून अभंग येतो. चालीवर छोटी वाक्यं म्हणवून घेण्याची उपचारपद्धतही आहे. त्यांना भजनाची गोडी आहे, हे वाचा-उपचारतज्ज्ञांना, म्हणजे बोलण्याचे उपचार करणाऱ्यांना, आवर्जून सांगा.

आता त्या 'नको'बद्दल. पॅरिसच्या पॉल ब्रोका या डॉक्टरांनी 1861 मध्ये ज्या रुग्णाची नोंद केली, त्याच्या तोंडून जवळपास 'तां' एवढंच निघायचं. समजायचं मात्र बरंच. तुमच्या यजमानांच्या तोंडी 'नको' असंच बसलेलं दिसतंय. तुम्ही जवळ बसल्यावर आलेला 'नको' हा नकारच आहे, असं मी मानणार नाही. होकार आहे असंही तुम्ही धरू नका. एका पुठ्ठ्यावर 'हो' आणि 'नाही' मोठ्या अक्षरात लिहा, शेजारी खुणा काढा, डाव्या हातानं बोट ठेवू द्या. आधी उत्तर माहीत असलेले प्रश्न विचारा: 'आपण नांदेडला राहतो का?' तिथं बोट बरोबर पडायला लागलं, की मनातलं विचारा. एका वेळी एकच प्रश्न, टीव्ही बंद, आणि थांबा. मला वाटतं हे थांबणंच घरच्यांना सगळ्यात जड जातं. शब्द त्यांच्या ओठावर असतो आणि आपण तो आधीच बोलून टाकतो. दुकानातला माणूस हिशेब विचारायला आला तर त्यानं यांच्याकडे बघून विचारावं, तुमच्याकडे नाही.

वाचा-उपचारात सरावाला दिलेल्या शब्दांच्या यादीत बहुधा पाणी, चहा, औषध, संडास असे शब्द असतात. ते लागतातच. पण नवरा-बायकोला तेवढ्यावर भागत नाही. 'जवळ बस', 'राग आलाय', 'आज नको', 'तू दमलीस', तुमचं लाडाचं नाव, हे शब्द यादीत घाला, असं तुम्ही स्वतः सांगा. लाजू नका. मी माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांना हे विचारतेच, आणि जोडीदाराला सरावाच्या वेळी बाहेर बसवत नाही. यात तुम्हालाही शिकायचं आहे: कसं विचारायचं, कधी थांबायचं, समजलं नाही तर 'समजलं नाही, दाखवा' असं सरळ म्हणायचं. समजल्याचं नाटक त्यांना लगेच कळतं.

उशीर झालेला नाही. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगानं होते, पण वर्षानंतरही होत राहते. पूर्वीसारखं सगळं बोलतील, असं वचन मी देणार नाही. ते गप्प पडून राहत असतील, जेवण-झोप उडाली असेल, तर डॉक्टरांना लगेच सांगा. लकव्यानंतर नैराश्य पुष्कळांना येतं, त्यावर औषध आहे. तुमची झोप, तुमचं रडणं हेही त्याच भेटीत सांगा.

वाचा-उपचारतज्ज्ञ निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची (अशा तज्ज्ञांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी आहे का, हे विचारा. जवळ कुणी नसेल तर व्हिडिओ कॉलवरही काम होतं. फोन उभा करून ठेवा आणि दोघं शेजारी बसा.