वडिलांना पार्किन्सन्स आहे. शासनाकडून दरमहा काही मदत मिळते का?

आपले वडील ५८ वर्षांचे असून कागलजवळच्या गावात राहतात, आजारामुळे काम सुटले आहे आणि शासनाची मदत कशी मिळवावी, असे आपण विचारले आहे. माझ्या आईला हाच आजार असल्याने हे हेलपाटे मी कोल्हापुरात स्वतः घातले आहेत.

मदत मिळते, मात्र ती आजाराच्या नावावर नव्हे, तर दिव्यांगत्वाच्या टक्केवारीवर मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि त्यांत पार्किन्सन्स व मल्टिपल स्क्लेरोसिस यांचा समावेश झाला. त्यामुळे प्रथम दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठीच्या ‘स्वावलंबन’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करून कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात, म्हणजे आपल्या थोरल्या दवाखान्यात, तपासणी करून घ्यावी. प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के असावे लागतात. अडचण अशी की, गोळीचा अंमल असताना आमची आई स्वतः चालत येऊन खुर्चीत बसते आणि तो उतरला की तिला अंथरुणात कूसही बदलता येत नाही. तपासणीच्या वेळी डॉक्टरांना दिसते ती पहिली आई. म्हणून दोन्ही अवस्थांचे वर्णन मेंदुविकारतज्ज्ञांकडून लेखी घेऊन जावे. त्या दिवशी गोळी चुकवा, असे सांगणारे भेटतील. त्यांचे मुळीच ऐकू नये.

प्रमाणपत्र हाती आल्यावर संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो. वयोमर्यादा १८ ते ६५ वर्षे, महाराष्ट्रातील वास्तव्य किमान १५ वर्षे आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांपर्यंत, अशा अटी आहेत. दिव्यांग लाभार्थ्यांचे अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा १,५०० ऐवजी २,५०० रुपये झाले. खरा अडसर उत्पन्नाच्या दाखल्याचा आहे, कारण महिन्याला सव्वाचार हजारांहूनही कमी उत्पन्नात औषधे सोडाच, घरही चालत नाही, आणि घरात एक जरी नोकरदार असला तरी अर्ज तिथेच अडतो. ग्रामपंचायतीच्या दिव्यांगांसाठीच्या ५ टक्के निधीची चौकशी मात्र जरूर करावी. आपण स्वतः जुन्या पद्धतीने आयकर भरत असाल, तर १९६१ च्या कायद्यातील कलम ८० डीडीबीखाली अवलंबित वडिलांच्या उपचारखर्चापोटी ४०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. वडील साठीचे झाल्यावर ती मर्यादा १ लाख होते. तेथेही ४० टक्क्यांची अट आहेच.

आता एक किरकोळ वाटणारी, पण आमचे दोन महिने खाणारी बाब. अनुदान थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते. या आजारात अक्षर बारीक होत जाते. आईची पूर्वीची ऐसपैस सही आता मुंग्यांच्या रांगेसारखी उमटते, त्यामुळे बँकेने आमचा फॉर्म दोनदा परत केला. अखेर सहीऐवजी अंगठा नोंदवला, तोही यंत्रावर स्थिर राहीना, तेव्हा मी तिचे मनगट धरून ठेवले. वडिलांच्या बँकेचे हे काम तहसीलला जाण्याआधीच उरकून घ्यावे.