कॅनडाचं नागरिकत्व: आधी एवढंच बघा

पीआर (कॅनडात कायम राहण्याचा परवाना) मिळाल्याबद्दल अभिनंदन! अर्जाला अजून वेळ आहे, पण एक काम आजच सुरू करा: प्रवासाची वही. कॅनडाबाहेर कधी गेलात, कधी परतलात, प्रत्येक वेळी लगेच लिहा. सगळा खेळ दिवसांचा आहे. अर्जाआधीच्या 5 वर्षांत 1095 दिवस प्रत्यक्ष कॅनडात काढलेले हवेत. पीआरच्या आधी वर्क किंवा स्टडी परमिटवर राहिलेला प्रत्येक दिवस अर्धा धरतात, तोही जास्तीत जास्त 365 पर्यंत.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- 1095 भरले की त्याच दिवशी अर्ज. एखादी ट्रिप विसरली असेल तर दिवस कमी पडून अर्ज नाकारला जाऊ शकतो. महिनाभर जास्तीचे दिवस हाताशी ठेवाच.
- टॅक्स रिटर्न. नियमानुसार लागू असतील तर 5 पैकी 3 वर्षांचे भरलेले हवेत.
- भाषेचा पुरावा म्हणून उगाच पैसे भरून परीक्षा देणं. पुण्यातली इंग्रजी माध्यमातली डिग्रीही चालते.

नागरिकत्वाच्या 20 प्रश्नांच्या चाचणीचं टेन्शन आत्ता नको. 15 बरोबर आले की झालं, आणि सरकारी पुस्तिका फुकट मिळते.

घरी मात्र आत्ताच बोला. कॅनडाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं, पासपोर्ट सरेंडर करावा लागतो. ओसीआयवर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते कार्ड) भारतात मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली राहते. गावाकडे जमीन घ्यायचा बेत असेल तर नागरिकत्वाच्या शपथेआधी वकिलाला विचारा.